बदली गाडीची अट

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

आज पुन्हा उशीर! बाराला दहा कमी असताना भाकरी बारामतीत पोचल्या. सव्वाअकराला पोचायला हव्यात. बाराला कंपनीची पहिली पंगत बसते. पंगत बसली आणि भाकरी नाही — म्हणजे मांडव आहे, वाजंत्री आहे, नवरदेवाचा पत्ता नाही!

सणसरच्या अलीकडं उसाची ट्रॉली उलटली होती. कारखाने सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत तोवर रस्ताभर ऊस. त्यात आमच्या गाडीवाल्या मानसिंगतात्यांचा काय दोष? असं मीच मला दहा वेळा सांगितलं. पण मग कळलं, मागचे दूधवाले, रिक्षावाले सगळे कालव्याच्या कडेनं वाट काढून पुढं गेले. आमचे तात्या तेवढे अर्धा तास रांगेत उभे! विचारलं तर म्हणाले, "कालव्याची कड निसरडी हाय, सूनबाई." पाऊस जाऊन महिना झाला. कसली निसरडी! मी काही बोलले नाही. म्हणजे थोडंच बोलले.

दुपारी राजलक्ष्मी मॅडमचा फोन. कंपनीचं कॅन्टीन त्या बघतात. कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. "ताई, महिन्यात दुसऱ्यांदा झालं. जानेवारीपासून नवा करार करायचाय ना आपल्याला? मग त्यात एक अट राहील. गाडी अडली तर अर्ध्या तासात बदली गाडी येईल, अशी लेखी हमी. एकाच गाडीवर नाही चालणार आता."

रोजच्या साडेआठशे भाकरी. नऊ बायका. आपल्याकडं गिऱ्हाईक म्हणाल तर ही एकच कंपनी. ती गेली तर त्या नऊजणींना उद्यापासून येऊ नका म्हणायचं, ते कुठल्या तोंडानं?

आणि तात्यांकडं गाडी एकच. तो पांढरा छोटा हत्ती.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान. कंपनीला सुट्टी, आमच्या शेगड्यांना सुट्टी. शाई लावून आले आणि दुपारभर पडवीत बसून राहिले. डोक्यात एकच — तात्या.

आठ वर्षं झाली. आमचे हे वालचंदनगरला कामावर पडले, मांडीचं हाड मोडलं, सहा महिने अंथरुणाला. तेव्हा मी चाळीस भाकऱ्या करून बारामतीला न्यायला लागले. एसटीत दुरडी घेऊन चढले की कंडक्टर डोळे वटारायचा. तिसऱ्या दिवशी लासुर्ण्याच्या थांब्यावर तात्यांनी गाडी थांबवली. मागं दुधाचे कॅन. "कुटं निगालीस सूनबाई येवढं वज्जं घिऊन? ठिव माघारी." भाडं विचारलं तर म्हणाले, "गाडी तशी बी जातीच हाय." तीन महिने हेच ऐकवलं. पुढं माझ्या दुरड्या वाढल्या, आणि तात्यांनी दुधाचं काम सोडून माझं धरलं.

नातं ना गोतं. हे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून मी सूनबाई. एवढंच.

आज लिहून ठेवते — ह्या माणसाचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ते फिटायचे नाहीत.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

दोन वाटा दिसतात. एक — तात्यांसारखाच आणखी एकजण शोधायचा, स्वतःची गाडी स्वतः चालवणारा. एकाचं अडलं की दुसरा. दुसरी — सगळी फेरीच एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याला देऊन टाकायची. गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा, डोकेदुखी पण त्याचीच.

आमचे हे म्हणाले, "तीस किलोमीटरला ट्रान्सपोर्ट? बारामती हाय का नागपूर?" मग जेवता जेवता म्हणाले, "पण तात्या पडले आजारी तर?" दोन्हीकडून बोलायला काय जातंय!

पहिली वाट धरली. आज लासुर्ण्याच्या चौकात तिघांना गाठलं. पहिला म्हणाला, "एप्रिलपतोर ऊस हाय, मंग बगू." दुसरा म्हणाला, "रोज? म्हंजी रोजच्या रोज? न्हाय बा, आमाला वऱ्हाडं आसत्यात." तिसरा मात्र लगेच तयार झाला. घरी येऊन दुरड्या बघितल्या, भाकरी खाल्ली, "झ्याक" म्हणाला. निघताना दारात थांबून विचारतो कसा — "ह्याच गाडीत सकाळी कोंबड्या आसत्यात. चालंल न्हवं?"

सोमवार, २५ नोव्हेंबर

कोंबडीवाला पुन्हा आला. "धुवून आनतो की!" नको रे बाबा.

रविवार, १ डिसेंबर

स्वतःच्या गाडीचा ड्रायव्हर आणि पगारी ड्रायव्हर, फरक कुठं पडतो ते आज बसून आठवत होते. भाकरीच्या गाडीत तात्यांनी कधी सिमेंटचं पोतं घेतलं नाही, येताना रिकामी गाडी आली तरी. भवानीनगरचा गतिरोधक आला की गाडी अशी उतरवतात की दुरडीतली वरची भाकरी हलत नाही. गेटवरच्या वॉचमनच्या मुलीचं नाव त्यांना माहीत, तिची परीक्षा कधी तेही माहीत. पगारी माणूस हे कशाला करेल? गाडी त्याची नाही, भाकरी त्याची नाही, गेट पण त्याचं नाही.

पण हेही खरं की तात्या आता त्रेसष्टचे. मागच्या फेब्रुवारीत त्यांना ताप आला, तेव्हा मी आणि भाकरी करणाऱ्या रंगूबाई दुरड्या घेऊन एसटीनं गेलो होतो. दोन फेऱ्या! भाकरीपेक्षा आमचाच चुरा झाला. आणि दिवाळीपासून त्यांचं काहीतरी बिनसलंय. सव्वादहाला गाडी निघायची, तर हे सव्वानवालाच येऊन बसतात आणि "उरका, उरका" लावतात. गाडीचा डावा पत्रा दोन ठिकाणी चेपलाय. विचारलं तर, "म्हशीनं शिंग घातलं." दोन म्हशींनी? "एकच. दोनदा."

एक खोड मात्र मी मोडली त्यांची. काळी घोंगडी! दुरड्यांवर टाकायचे. वडिलांच्या मेंढरांच्या लोकरीची, आईनं कातलेली, असं कौतुकानं सांगायचे. दोन वर्षांमागं एकदा मी नाक मुरडलं — अन्नावर मेंढीचा वास नको, कंपनीचं काम आहे. नवीकोरी निळी ताडपत्री आणून दिली. "व्हय" म्हणाले. पुन्हा कधी घोंगडी दिसली नाही. ऐकणारा माणूस. असा दुसरा कुठं मिळायचा?

मंगळवार, ३ डिसेंबर

आज दारात एक पोशाखी माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन फोन. अविराज. इंदापूरचा. चौदा गाड्या आहेत म्हणे, छोट्या-मोठ्या. "वैनी, गाडी बिघडली तर अर्ध्या तासात दुसरी. लिहून देतो. स्टॅम्पपेपर तुमी आणायचा न्हाय, मी आणतो."

माझी गरज ह्याला कशी कळली? विचारलं. हसला नुसता. "असंच, ऐकलं कुणाकडनं तरी."

कोंबडीवाल्यानं गावभर केलं असणार.

भाडं तात्यांपेक्षा थोडं जास्त, पण परवडेल. माणूस सरळ वाटला. चहा पिऊन कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला. रंगूबाई म्हणाल्या, "बरा हाय गं हा. आईनं वळण लावलंया." रंगूबाईंची परीक्षा सहसा चुकत नाही. त्या माझ्याकडच्या सगळ्यांत जुन्या, भाकरीला पण आणि बोलायला पण.

सोमवार, ९ डिसेंबर

अविराजला हो म्हटलं. तात्यांना अजून सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवते आणि रोज त्यांना चहा देऊन परत फिरते.

गुरुवार, १२ डिसेंबर

नाही सांगितलं.

सोमवार, १६ डिसेंबर

सांगितलं.

तात्या गाडीची काच पुसत होते. मी सगळं एका दमात बोलून टाकलं — कंपनीची अट, बदली गाडी, नऊ बायका, माझा नाइलाज. जानेवारीपासून दुसरी गाडी. तात्या काच पुसतच राहिले. मग फडकं झटकलं आणि म्हणाले, "बरं केलंस. उशीरच केलास म्हन की!"

बस! आठ वर्षं, आणि कपाळावर एक आठी नाही! मी रात्रंदिवस जीव टांगून घेतला होता, आणि ह्यांना जणू शाळा सुटल्याचा आनंद. पिठाच्या खोलीत जाऊन रडले. सांगावं लागलं म्हणून की त्यांना वाईट वाटलं नाही म्हणून, ते मला सांगता येत नाही. बहुतेक दुसरंच.

मंगळवार, ३१ डिसेंबर

तात्यांची शेवटची फेरी. परत आले तेव्हा सगळ्याजणी दारात उभ्या. टॉवेल, टोपी, नारळ. आमच्या ह्यांनी तात्यांना टोपी घातली. रंगूबाईंनी ओवाळलं आणि ओवाळता ओवाळताच डोळ्याला पदर लावला. तात्या म्हणाले, "आगं, बारामतीची फेरी बंद झाली, मी न्हाय! असं काय करताय मेल्यावानी?"

पाया पडले. म्हटलं, तात्या, चुकलं-माकलं पोटात घाला. "तुजं काय चुकलंय? भाकरी टायमाला पोचली पायजे. गाडी कुनाची का आसंना."

बुधवार, १ जानेवारी २०२५

अकरा वाजून पाच मिनिटं! अविराजच्या ड्रायव्हरनं — दीपक नाव — गेटवरून फोटो पाठवला. दुरड्या, वर ताडपत्री घट्ट ताणून बांधलेली, कोपऱ्यात नवीन दोरी. किती नीटनेटकं!

शनिवार, ४ जानेवारी

चार दिवस, चारही दिवस वेळेत. काल टायर पंक्चर झालं होतं, मला कळलंसुद्धा नाही. दुसरी गाडी येऊन माल उचलून गेली. मला फोन आला तो पोचल्याचा. अविराजचे आभार मानले तर म्हणतो, "वैनी, हे तर कामच हाय आमचं."

देवा, चांगली माणसं भेटत गेली मला. एक गेला तर दुसरा. कृतघ्न होऊ नये माणसानं.

बुधवार, ८ जानेवारी

राजलक्ष्मी मॅडम — "ताई, भाकरी ओलसर लागतीये. एकमेकींना चिकटतायत." आमची भाकरी? शक्यच नाही!

रंगूबाई म्हणाल्या, "हात त्योच, पीठ त्येच." मग काय हवा बदलली?

शुक्रवार, १० जानेवारी

गिरणी बदलली. आधीचा गिरणीवाला पीठ फार बारीक काढतो, त्यानंच होत असणार. सगळ्याजणींना ओरडले — पाणी कमी लावा, तव्यावर जास्त ठेवा, फुगली म्हणजे झालं असं समजू नका. एक जण पुटपुटली, "पंदरा वर्सं भाकरी थापती मी." दुसऱ्या एकीनं दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं.

तरी तेच. पानांत भाकरी राहायला लागल्यात म्हणे. लोक भात मागून घेतात.

मॅडम म्हणाल्या, "करारावर सही महिनाअखेरीला करू. तोवर बघू." हे "बघू" मला काही आवडलं नाही.

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. ह्या दिवसाची मी वर्षभर वाट बघते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, साडेआठशे! पहाटे पाचला सगळ्या हजर. तीळ लावून लावून हात तेलकट. तव्यावरची एक मी स्वतः लोणी लावून खाल्ली. इतकी खुसखुशीत, इतकी गोड! म्हटलं, आज कंपनीची तोंडं बंद.

साडेबाराला फोन. भाकरीचे थर चिकटून गठ्ठे झालेत. सोडवताना तुकडे पडतायत. वरचे तीळ सगळे खालच्या भाकरीच्या पाठीला. भोगीच्या दिवशी चारशे माणसं बाजरीच्या भाकरीविना जेवली.

मॅडम रागावल्या नाहीत. "ताई, असं नव्हतं हो कधी तुमचं." रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला, घेतला. गोड बोलवेना.

गुरुवार, १६ जानेवारी

आज दीपकच्या शेजारी बसून मीच गेले. डोळ्यात तेल घालून बघितलं. गाडी छान चालवतो. कुठं थांबला नाही, कुठं आपटली नाही. मला आज त्याचीच चूक सापडायला हवी होती, आणि सापडेना!

गेटच्या आत ताडपत्री सोडली. खालच्या अंगाला हात लावला तर हात ओला. नुसते थेंब. ताडपत्री झटकली तर पाऊस पडावा तसं पाणी दुरड्यांत पडलं, वरची पांढरी फडकी भिजून भाकरीला चिकटलेली. गिरणी बदलली, नऊ बायकांची मनं मोडली — आणि पाणी वरून येत होतं! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

पण मग तात्यांच्या गाडीत दोन वर्षं ताडपत्रीच होती ना? मीच दिली होती! तेव्हा का नाही भिजल्या?

घरी येऊन रंगूबाईंना विचारलं. त्या परात घासत होत्या. घासतच राहिल्या. जास्तच जोरात.

"रंगूबाई?"

"आगं, ताडपत्री कुटं टाकली त्यानं कवा? घोंगडीच टाकायचा. वाफ कोंडली की पानी हुतंय. घोंगडी पिती वाफ, आन् ऊब धरती. त्याच्या बापानं बी तसंच केलेलं. मेंढरामागं हिंडताना भाकरी घोंगडीतच बांदत्यात. सांज झाली तरी मऊ."

"आणि मला दिसली कशी नाही?"

"तू भाईर यायच्या आदी सीटखाली. कोपऱ्यावर गेला की दुरड्यांवर. बारामतीत गेटच्या अलीकडं पुन्यांदा सीटखाली. आमास्नी सांगितलेलं त्यानं, सूनबाईला म्हनू नका, तिला वास येतो."

सगळ्यांना माहीत होतं. नऊच्या नऊजणींना! आणि मी दोन वर्षं मिरवत होते — माझ्या पिठाची कमाल, माझ्या तव्याची कमाल.

मग आता पंधरा दिवस का गप्प बसलात? "आमास्नी काय ठावं, नव्या गाडीत काय टाकत्यात? तू आमचं पीठ काडलंस, पानी काडलंस. ऐकून घेतीस व्हय कुनाचं?"

नाही घेत. खरं आहे. रंगूबाईंच्या हाताला साबण होता, तसाच मी तो हात धरला.

रविवार, १९ जानेवारी

आम्ही दोघं मोटारसायकलवर तात्यांच्या वस्तीवर गेलो. लिंबाखाली छोटा हत्ती धुवून पुसून उभा. शेजारी कडब्याची गंजी, आणि गंजीवर माझी निळी ताडपत्री! घडीच्या रेघा अजून तशाच. हे हसायला लागले. मलाही हसू आलं, आणि मग हसता हसता काहीतरी वेगळंच झालं.

तात्या बाजेवर बसले होते. आमची चाहूल लागली तशी मान पूर्ण वळवून बघितलं. "सूनबाई व्हय? ये की!"

मी म्हटलं, तात्या, ताडपत्री चांगली आहे हो. कडब्याला.

त्यांनी कानाची पाळी धरली. आठ वर्षांत पहिल्यांदा हा माणूस लाजलेला बघितला. "आता तू म्हनलीस वास येतो, मी म्हनलं व्हय. वास येतोच की. खोटं कशाला बोलायचं? पर भाकरी भिजती, त्येचं काय? मंग दोनी ऐकलं. तुजं बी आन् भाकरीचं बी."

भोगीचं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "म्याच इसरलो. जाताना तुला सांगाया पायजे हुतं. टोपी-नारळाच्या गडबडीत ऱ्हाऊन गेलं बग." म्हणजे चूक पण त्यांनीच घेतली. माझ्यासाठी काही ठेवलीच नाही.

तात्यांच्या बायकोनं, सारजाकाकूंनी, चहा आणला. तात्यांचा कप त्यांच्या उजव्या हाताशी टेकवून ठेवला, "हितं हाय" म्हणाल्या. किती निगुतीनं करतात अजून! मग आत जाऊन घोंगडी आणली. एक नाही, दोन. दुसरीही तात्यांच्या आईच्याच हातची, पेटीत ठेवलेली. "ने. पेटीत ठिवून काय पुजा करायची?"

गाडीचं विचारलं. "इकनार हाय." का? इंदापूरला एवढी कामं आहेत, दुसरी फेरी मिळेल! "बास झालं आता," म्हणाले. आणि निघताना — "अविराज नीट हाय न्हवं? टायमाला येतोय?"

अविराजचं नाव मी कधी घेतलं होतं त्यांच्यापुढं? आठवत नाही. पण गावात काय लपतं!

सोमवार, २० जानेवारी

रंगूबाईंच्या सुनेनं, वृषालीनं, दोन्ही घोंगड्यांना मांजरपाटाच्या पांढऱ्या खोळी शिवल्या. धुता येतात, वास नाही, कंपनीला दिसायला स्वच्छ. मॅडमना आधीच फोन करून सगळं खरं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मीच ही खोळ शिवून घेतली असती तर? पण तेव्हा मला नाक मुरडायचं होतं.

दुपारी मॅडमचा मेसेज. एकच शब्द — "आल्या!" भाकरी नाही, जणू माहेरवाशीण आली.

शुक्रवार, २४ जानेवारी

पाच दिवस, एक भाकरी परत नाही. पण एक अडचण. दीपकला इंदापूरच्या कामावर टाकलं, नवा ड्रायव्हर आला, त्यानं घोंगडी दुरड्यांच्या खाली अंथरली! "म्हटलं बसायला दिलीय." बदली गाडी मिळते, बदली माणूस पण मिळतो. पण त्याला दुरड्या कशा लावायच्या, कड कुठं खोचायची, गतिरोधक कुठला, हे कोण सांगणार?

ट्रान्सपोर्टवाला चांगला की घरचा गाडीवाला, ह्याचं उत्तर दोन महिने शोधत होते. मला दोन्ही पाहिजेत! अविराजच्या चौदा गाड्या, आणि तात्यांचे हात.

सोमवार, २७ जानेवारी

जमलं! तात्या आजपासून रोज साडेनवाला येणार. गाडी चालवायची नाही, फक्त भरायची. गाडी कुणाचीही येवो, दुरड्या लावणार आणि घोंगडी टाकणार तात्या. पगार बांधून दिला. नको नको म्हणत होते. मी म्हटलं, गाडी तशी बी जातीच हाय, हे आता चालणार नाही.

हातानं चाचपून चाचपून दुरड्या लावतात, डोळे मिटून लावल्यासारख्या. नव्या ड्रायव्हरला दम देतात. रंगूबाईंशी भांडतात. अंगण पुन्हा भरल्यासारखं वाटलं.

खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी माझी पाठ थोपटली. ज्यांना काढलं, त्यांना परत आणलं. आठ वर्षांच्या उपकारातला चिमूटभर तरी फेडला.

शुक्रवार, ३१ जानेवारी

करार झाला. वर्षाचा. सही करून चहा घेताना राजलक्ष्मी मॅडमना म्हटलं, तुमच्या कंपनीच्या त्या बदली गाडीच्या अटीचा तेव्हा फार राग आला होता, पण शेवटी सगळं भल्यासाठीच झालं. त्यांनी कप खाली ठेवला.

"कंपनीची नव्हती ती अट. आता करार झालाय, म्हणून सांगते. दसऱ्याआधी तुमचे तात्या आले होते इथं, एकटेच. म्हणाले, 'मॅडम, डाव्या डोळ्याला आता दिसंना झालंय. अविराजला मी बगून ठिवलाय. पर मी सांगितलं तर सूनबाई माजा डोळा बगत बसंल, भाकरी सोडंल. आन् आपनहून ती मला काडायची न्हाय. तवा तुमीच कायतरी अट काडा.'"

उद्या साडेनवाला तात्या येतील. चहा उजव्या हाताला ठेवायचा.